आठ सेकंदांची घसरगुंडी

आमच्या सात जणांच्या ग्रुपवर रात्री अकराला एक क्लिप आली. एक नेते मंचाची पायरी चढताना अडखळले, माइकचा दांडा धरून सावरले आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं हात हलवू लागले. एकूण आठ सेकंद. मी ती अकरा वेळा पाहिली. शेवटच्या चार वेळा तर अगदी संथ करून, कारण पाय डावा अडकला की उजवा यावर ग्रुपात दोन तट पडले होते. (पक्ष कुठला ते सांगत नाही. सांगितला तर निम्मे वाचक इथंच हसायचे थांबतील आणि उरलेले निम्मे सुरू होतील.)

पहिली पाच मिनिटं नुसते हसरे चेहरे. मग एकानं लिहिलं, 'वय झालं आता.' दुसरा म्हणाला, 'दुसऱ्या फळीला पुढं आणा.' साडेअकरापर्यंत आम्ही नवा पक्षाध्यक्ष नेमला होता, त्याच्यावर कोण रुसणार ते ठरवलं होतं आणि रुसलेल्याला कुठलं खातं देऊन गप्प करायचं यावर घासाघीस चालू होती. आमच्यापैकी एकही जण त्या पक्षाचा साधा सभासदसुद्धा नाही. एकाच्या सांगण्यावरून तर त्याच्या घरातला पंखाही कुणी बंद करत नाही.

मला कुतूहल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. फजिती कुणाला चिकटते आणि कुणाच्या अंगावरून निथळून जाते?

१९८३ मध्ये नील किनक ब्रिटनच्या मजूर पक्षाचे नेते झाले. निवड झाली त्याच दिवशी, ब्रायटनच्या किनाऱ्यावर, बायकोचा हात हातात, समोर फोटोग्राफरांची रांग. लाट आली. किनक यांची नजर कॅमेऱ्याकडे, पाय दगडगोट्यांवर, आणि पुढच्या क्षणी साहेब पाण्यात बसलेले. ते नऊ वर्षं नेते होते, पण टीव्हीवाल्यांनी ते बसणं काही सोडलं नाही. उलट २०१२ मध्ये ऑलिंपिकच्या दिवसांत लंडनचे महापौर बोरिस जॉन्सन तारेवरून घसरत येताना मध्येच अडकले. डोक्यावर हेल्मेट, दोन्ही हातांत छोटे झेंडे, खाली जमलेले लोक मोबाइल उंचावून उभे. दुसरा कुणी असता तर आठवडाभर घराबाहेर पडला नसता. हे सात वर्षांनी पंतप्रधान झाले. विदूषकी हा त्यांच्या प्रतिमेचाच भाग होता, त्यामुळं लोकांना त्यात नवीन काही दिसलं नाही.

म्हणजे नेत्याबद्दल आपलं मत आधीच झालेलं असतं. तो पडतो तेव्हा आपल्याला फक्त पुरावा सापडतो.

आणि पुरावाही किती निवडून घेतलेला! जेराल्ड फोर्ड कॉलेजात अमेरिकन फुटबॉल गाजवलेला गडी. राष्ट्राध्यक्ष असताना १९७५ मध्ये साल्झबर्गला विमानाच्या ओल्या पायऱ्यांवरून घसरले आणि जगानं त्यांना कायमचं धांदरट ठरवलं. कॅनडाचे तेव्हाचे विरोधी पक्षनेते रॉबर्ट स्टॅनफील्ड यांचं तर मला खरंच वाईट वाटतं. १९७४ च्या प्रचारात विमानतळावर थांबले असताना ते सहज चेंडू झेलत होते. बरेच झेल घेतले, एक सुटला. वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापला तो सुटलेला. निवडणूकही ते हरले.

जिभेचं मात्र वेगळं. २०१० मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन प्रचारात एका बाईंशी गोड बोलून गाडीत बसले आणि कोटावरचा माइक चालू असताना त्यांना 'पूर्वग्रहदूषित' म्हणून मोकळे झाले. नंतर घरी जाऊन माफी मागितली. तिथं मी हसत नाही, कान टवकारतो. पाय कुणाचाही घसरेल, पण गाडीचं दार लागल्यावर माणूस मतदाराबद्दल काय बोलतो, ते कळायला हवं.

हे मी रात्री बाराला ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं: 'एवढं लांब कोण वाचणार?'

तोवर ते अडखळलेले अध्यक्ष किती दिवसांत जाणार यावर पैजा लागल्या होत्या. मी ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचं उदाहरण टाकलं. २०१७ च्या पक्षाच्या अधिवेशनात भाषण करताना खोकल्यानं घसा धरला, एका खोडकर माणसानं थेट व्यासपीठाशी येऊन नोकरी सुटल्यावर मिळतो तो कागद हातात ठेवला आणि पाठीमागच्या घोषवाक्यातली अक्षरं गळू लागली. इतकं होऊनही त्या पुढच्या वर्षी अविश्वास ठरावातून २०० विरुद्ध ११७ अशा वाचल्या. मतं त्यांच्याच खासदारांची होती. हसणाऱ्यांना कुणी विचारलंही नाही. २०२२ मध्ये लिझ ट्रस निवडून आल्या त्या पक्षसभासदांच्या ८१,३२६ मतांवर. देशाची लोकसंख्या साडेसहा कोटींच्या वर, आणि बाई ४९ दिवस पंतप्रधान राहिल्या. तेव्हा एका वर्तमानपत्रानं लेट्यूसचा गड्डा कॅमेऱ्यासमोर ठेवून आधी कोण कोमेजतं ते लोकांना दाखवलं होतं. गड्डा जिंकला.

आमच्या ग्रुपात त्या नेत्यांचा एक कट्टर समर्थकही आहे. तो इतका वेळ गप्प होता. साडेबाराला त्यानं लिहिलं, 'पायरीच उंच होती.' गेल्या महिन्यात विरोधी पक्षाचे एक नेते खुर्चीसकट कलंडले, तेव्हा खुर्चीबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. तेव्हा खुर्चीची बाजू मांडणारा मी होतो, हेही आत्ता लिहिताना आठवलं.

सकाळी त्याच प्रसंगाची लांब क्लिप मिळाली, चाळीस सेकंदांची. तीत स्पष्ट दिसत होतं की पायरीवरचा गालिचा सुटलेला आहे आणि नेत्यांच्या आधी दोघं तिथंच अडखळलेत. मागून हार घेऊन येणारा तिसरा तर हारासकट गुडघ्यावर. मी ती ग्रुपवर टाकली. दोघांनी पाहिली. बाकीचे दुसऱ्याच क्लिपमध्ये गुंतले होते: आम्ही रात्री नेमलेले नवे अध्यक्ष सभेत स्वतःच्याच पक्षाचं नाव चुकले होते.

सहा सेकंद. मी उघडली.