शिशाचे गोळे फिरवा, पण फेरीत दोनदा येणारा सिग्नलच धरा

दोन वस्तूंमधलं गुरुत्वाकर्षण मोजायला इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिशने १७९८ साली जड गोळे तारेला आडव्या टांगलेल्या काठीच्या एका बाजूला आणले, काठी किती वळली ते पाहिलं, मग गोळे दुसऱ्या बाजूला नेले. सांगली-मिरज पट्ट्यात हाच प्रयोग मांडला की पहिली कुरबूर जमिनीची. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, फरशी कलते आणि तारेचा शून्यबिंदू, म्हणजे काठी मुळात जिथे थांबते ती जागा, सरकत राहतो. त्यात गोळ्यांचं वळण किती आणि फरशीचं किती, हे वेगळं काढणं कठीण. म्हणून गोळे ठरलेल्या गतीने फिरतेच ठेवावेत.

१० सेंमीच्या हलक्या अॅल्युमिनियमच्या काडीला दोन्ही टोकांना १५ ग्रॅमचे शिशाचे मणी, मध्ये छोटा आरसा. टांगायला २५ मायक्रॉन (०.०२५ मिमी) जाडीची, ३० सेंमी लांब टंगस्टनची तार. काडीचं वजन सोडलं तर झोक्याचा काळ ३८० सेकंदांच्या आसपास येतो. मिरजेत सतारीची तार हाताशी असते, पण तिचा इथे उपयोग नाही. पिळाचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ०.३ मिमीची पोलादी तार सुमारे दहा हजारपट ताठ निघते, वर चुंबकाला ओढली जाते ती वेगळीच.

ही तार-काडी बंद पेटीत. पेटीबाहेर, तारेच्याच अक्षाभोवती फिरणाऱ्या टेबलावर दीड-दीड किलोचे दोन गोळे समोरासमोर, अक्षापासून ११ सेंमीवर. मिळणारा पीळ, म्हणजे काडीला वळवणारा जोर, जास्तीत जास्त एका न्यूटन-मीटरचा पन्नास अब्जावा भाग. तरी पाच मीटरवरच्या भिंतीवर आरशावरून परतलेला लेझरचा ठिपका दोन्हीकडे सेंटिमीटरभर सरकतो. वेबकॅमने टिपायला तेवढं पुरे.

खरी मेख इथे आहे. मणी दोन, गोळे दोन, त्यामुळे गुरुत्वाकर्षणाचा पीळ एका फेरीत दोनदा येतो. टेबलाचा कल, बेअरिंगची खोट, मोटरीचं चुंबकत्व हे बहुतेक फेरीत एकदाच. ३० मिनिटांची फेरी ठेवा आणि १५ मिनिटांचा सिग्नल शोधा. ४० मिनिटांची फेरी नको: तिचा सहावा हार्मोनिक (फेरीत सहा वेळा येणारा सिग्नल) ४०० सेकंदांवर, म्हणजे झोक्याच्या काळाला जवळजवळ चिकटून येतो आणि उगाच फुगतो. ३० मिनिटांत चौथा ४५० वर, सहावा ३०० वर, दोन्ही लांब.

मग आणखी दोन तसेच गोळे काटकोनात ठेवा. आता १५ मिनिटांचा सिग्नल जवळजवळ नाहीसा व्हायला हवा, साडेसात मिनिटांचा तेवढा उरेल. नाहीसा झाला नाही, तर तो गोळ्यांचा नव्हताच. ही चाचणी टाळून आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

बिघडण्याच्या जागा ठरलेल्या. गोळे हाताने उचलले की गरम होतात आणि पेटीतली हवा वाहू लागते. हातमोजे घाला, रात्रभर तसंच राहू द्या. पेटी धातूची असावी, पेटी आणि तारेचा वरचा चिमटा दोन्ही तारेने जमिनीला जोडलेले (अर्थिंग), नाहीतर स्थिरविद्युत गुरुत्वाकर्षणाला सहज झाकते. मोटर दूर ठेवून पट्ट्याने फिरवा. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या जातात, अधूनमधून कोयनेचा धक्का बसतो. तेव्हा काडी तिच्या ३८० सेकंदांच्या तालात झुलते. तेवढ्या फेऱ्या सरळ टाकून द्याव्यात. उरलेल्या पूर्ण फेऱ्यांमधून सरकता शून्यबिंदू वजा करून १५ मिनिटांच्या साइन-कोसाइन लाटा बसवा; त्यांची उंची हाच गोळ्यांचा सिग्नल.

याच तत्त्वावर २०२१ मध्ये व्हिएन्नात ९० मिलिग्रॅमच्या सोन्याच्या गोळ्यांमधलं आकर्षण मोजलं गेलं. २०२२ मध्ये झ्युरिकच्या गटाने ४२ हर्ट्झवर थरथरणाऱ्या दांड्यांमधलंही मोजलं.

शेवटी चूक उरते ती अंतराची. ११ सेंमीत १ मिमी चुकलं की उत्तर सुमारे तीन टक्के हलतं. त्यामुळे अक्षापासून मोजू नका. दोन गोळ्यांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर व्हर्नियर कॅलिपरने घ्या, एक व्यास वजा करा, निम्मं करा. मण्यांची आणि गोळ्यांची उंचीही एका पातळीत आहे का, ते लेझरने तपासा.