लाईनमध्येच पॅनिक अटॅक आला
आज ताई आणि भाच्यांसोबत खोपोलीच्या इमॅजिकाला गेले होते आणि ज्याची धास्ती होती तेच झालं, तेही राईडवर नाही, राईडच्या लाईनमध्ये. दोन्हीकडे रेलिंग, पुढेमागे माणसं, वरून नायट्रो रोलर कोस्टरचा धडधडाट आणि लोकांच्या किंकाळ्या, अचानक हाताला मुंग्या आल्या, श्वास पुरेना, डोक्यात एकच की इथून बाहेर कसं पडू. ज्यांना हे होतं त्यांना माहितीये, त्या क्षणी खरंच वाटतं आपण आता जातोय. पण अटॅक साधारण 10 मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरायला लागतो, हे माहिती असणं फार मोठा आधार असतो.

ताईला नुसतं "आलाय" म्हटलं, तिने काही न विचारता "जरा वाट द्या हो" करत मला बाहेर काढलं. सावलीत बसून गार पाण्याची बाटली मानेला लावली, श्वास घेताना 4 मोजायचे, सोडताना 6, समोरच्या बाईंच्या ओढणीवरची फुलं एकेक करून बघत राहिले. धाकटा भाचा आला, म्हणाला मावशी मी पण नाही जात, मी बसतो इथे. मग मात्र रडूच आलं.

प्लीज कोणाला "घाबरतेस काय, एन्जॉय कर" म्हणू नका, नुसतं शेजारी बसा. आणि पहिल्यांदाच असं झालं असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, हार्टचं काही नाही ना ते बघून घ्या. बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाईन आहे, 14416, फ्री आहे आणि मराठीत बोलता येतं.