तुम्ही विचारलंत म्हणून: सुपरहिरोंच्या शहरातले पोलीस

सुपरहिरोंचा सिनेमा पाहून आलेले लोक हमखास विचारतात: आभाळातून संकट कोसळल्यावर तिथले पोलीस आणि सरकार जे करतात, तसं खऱ्या शहरात घडेल का? माझ्या मते, प्रेक्षक ज्या प्रसंगाला हसतात तो पुष्कळदा बरोबर असतो. श्वास रोखून पाहतात तिथे मात्र व्यवस्थेचा पत्ता नसतो.

'द अ‍ॅव्हेंजर्स' (2012) घ्या. न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनवर परग्रहवासीयांचा हल्ला झालाय. कॅप्टन अमेरिका एका पोलिसाला सांगतो की इमारतींमध्ये माणसं पाठवा, लोकांना तळघरांतून किंवा भुयारी रेल्वेतून न्या, 39व्या रस्त्यापर्यंत घेरा टाका. तुझं का ऐकायचं, असं तो पोलीस आधी विचारतो आणि पुढच्याच क्षणी तोच हुकूम वायरलेसवर देतो. एवढा निर्णय रस्त्यावरचा पोलीस कसा घेईल, असं लोकांना वाटतं. पण घ्यायचाच असतो. कॅलिफोर्नियातल्या 1970च्या वणव्यांनंतर अमेरिकेत 'इन्सिडेंट कमांड सिस्टिम' आकाराला आली आणि 2004पासून ती देशभराच्या आपत्ती व्यवस्थेचा भाग झाली. तिचा पहिला नियम असा की जो आधी पोहोचतो तो प्रमुख. वरिष्ठ आला की परिस्थिती समजावून सूत्रं त्याच्याकडे द्यायची.

सूचनाही शहाणपणाची आहे. उंच इमारतींमधल्या रस्त्यावर काचा आणि दगडविटा पडत असतात, तेव्हा माणसं खालून हलवणं बरं. फक्त एक पायरी गाळली आहे. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत तिसऱ्या रुळातून सुमारे 600 व्होल्टची वीज वाहते. नियंत्रण कक्षाने गाड्या थांबवून त्या टप्प्याची वीज तोडल्याचं कळवल्याशिवाय कुणालाही रुळांवर उतरवायचं नसतं.

गाडी घसरते ती यापुढे. सूत्रं घ्यायला कुणी येतच नाही. खऱ्या घटनेत थोड्याच वेळात कमांड पोस्ट, म्हणजे सगळी सूत्रं हलवायची जागा, ठरते आणि येणाऱ्या गाड्यांना थांबायला वेगळी जागा नेमतात, नाहीतर अग्निशमनाचे बंब आणि रुग्णवाहिका एकमेकांची वाट अडवून बसतात. एका अधिकाऱ्याच्या हाताखाली थेट तीन ते सात माणसं, शक्यतो पाच. सिनेमात मात्र शंभर पोलीस गाड्यांच्या दारांआडून आपापल्या मर्जीने गोळ्या झाडतात. जखमींची वर्गवारीही दिसत नाही. खरं तर एका जखमीला मिनिटभराहून कमी वेळ मिळतो: श्वास मिनिटाला 30च्या वर आहे का, नखावर दाब दिल्यावर रक्त दोन सेकंदांत परततं का, साधी सूचना समजते का. त्यावरून लाल, पिवळी, हिरवी किंवा काळी चिठ्ठी.

सिनेमातला वायरलेस तर नेहमी चालतो! 11 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचा उत्तर मनोरा फार वेळ उभा राहणार नाही, असं पोलिसांच्या हेलिकॉप्टरने कळवलं होतं. पण पोलीस आणि अग्निशमन दल वेगवेगळ्या वाहिन्यांवर बोलत होते आणि मनोऱ्यातल्या जवानांपर्यंत तो निरोप पोहोचवणारी जोडणीच नव्हती. त्या दिवशी अग्निशमन दलाचे 343 जण गेले. दलाचे प्रमुख पीटर गॅन्सी तो मनोरा कोसळताना त्याच्याजवळच मारले गेले. शहराचं आपत्ती नियंत्रण केंद्र शेजारच्या सात क्रमांकाच्या इमारतीत होतं. ते सकाळीच रिकामं करावं लागलं आणि संध्याकाळी ती इमारतही पडली. पोलीसप्रमुख स्वतः बंदूक घेऊन पुढे धावतो ते दृश्य मला म्हणूनच खटकतं. तो पडला तर शहर कोण चालवणार?

सगळ्यात न पटणारा प्रसंग 'द डार्क नाइट राइजेस'मधला (2012). बॅटमॅनच्या काल्पनिक गॉथम शहरातले जवळजवळ सगळे पोलीस एकदम बोगद्यांत शिरतात आणि तिथेच गाडले जातात. कुठलंही दल पाळ्यांत काम करतं. एक पाळी कामावर असते तेव्हा बाकीची घरी असते, काही रजेवर असतात. त्यातूनही राखीव तुकडी बाहेर ठेवल्याशिवाय बंदिस्त जागेत कुणी पथक सोडत नाही. हा नियम माणसांचे जीव देऊन शिकलेला आहे, म्हणून तो इतक्या सहज मोडलेला पाहवत नाही.

'द डार्क नाइट'मध्ये (2008) धमकी येताच शहरातली रुग्णालयं बसमधून रिकामी होतात. अतिदक्षता विभागातल्या एका रुग्णामागे परिचारिका, ऑक्सिजनचं नळकांडं आणि हाताने श्वास देणारं माणूस लागतं. शिवाय तिकडे खाट रिकामी आहे का, हे आधी विचारावं लागतं. ऑक्टोबर 2012मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या एका मोठ्या रुग्णालयाची वीज गेली. 300हून अधिक रुग्ण हलवायला रात्र सरली. नवजात बाळांना परिचारिकांनी छातीशी धरून अंधाऱ्या जिन्यांवरून उतरवलं.

त्याच सिनेमात लोकांना फेरीबोटींतून नेतात, ते मात्र पटण्यासारखं आहे. 2001मध्ये मॅनहॅटनच्या टोकावरून सुमारे पाच लाख माणसं बोटींनीच बाहेर पडली. पण त्या बोटींच्या इंजिनघरातच स्फोटकं निघतात. खटकतं ते इंजिनघर आधी न तपासणं. पहिल्या स्फोटानंतर दुसरा बॉम्ब गृहीत धरतात, आणि लोक जिथे गोळा होणार ती जागा श्वानपथकाने आधी पाहायची असते.

बातम्यांचे कॅमेरे बाहेरच्या घेऱ्यापलीकडेच हवेत. आपल्याकडे 26/11ला थेट प्रक्षेपण पाहून पाकिस्तानातले सूत्रधार अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने 2012च्या निकालात त्यावर कडक ताशेरे ओढले.

आणि 'द अ‍ॅव्हेंजर्स'मधलं ते अण्वस्त्र? एक परिषद पडद्यावरून हुकूम देते आणि विमान उडतं. अमेरिकेत अण्वस्त्राचा हुकूम फक्त राष्ट्राध्यक्ष देऊ शकतात. शहराच्या मदतीला आधी येतो तो नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव सैन्य, गव्हर्नरच्या हुकमाने, आणि त्याचे जवान बहुतेक अर्धवेळ असतात: त्यांना घरून, कामावरून बोलावून शस्त्रागारात जमवायलाच कित्येक तास जातात.