झाकली मूठ, सव्वा नंबर

गेली दोन वर्षं माझं घरातल्या सगळ्यांशी एकच भांडण चालू होतं, की या घरात उजेड नाही. ट्यूब बदलून झाली, मग टेबलाजवळ वेगळा दिवा आणला, मग तो पिवळट आहे म्हणून पांढरा आणला, आणि तरी औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर काही लागेना. मग मी छापणाऱ्यांवर घसरले, हे माणसांनी वाचायचंय की मुंग्यांनी, वगैरे. मोबाईलचा फाँट एक घर वाढवला, मग आणखी एक, शेवटी स्क्रीनवर एका वेळी जेमतेम दोन वाक्यं मावायला लागली तेव्हा लेक म्हणाली, आई, तुझा फोन बसच्या पाटीसारखा दिसतो, शेजारी बसलेला माणूससुद्धा तुझे मेसेज वाचू शकेल. वाचू दे, म्हटलं. मला वाचता आले म्हणजे झालं.

आणि सुई. शर्टाचं एक साधं बटण लावायचं होतं. दोरा चाटून टोकदार केला, सुई खिडकीच्या उजेडात धरली, आणि दोरा दर वेळी नाकाच्या बाजूनं निघून जायचा, सातव्या-आठव्या वेळी तर मला वाटलं या सुईला नाकच नाहीये. लेक आली, एका फटक्यात ओवून गेली, बोलली काहीच नाही. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

तर, चाळीशी लागली होती. मराठीत त्या चष्म्यालाच चाळीशी म्हणतात, वय आणि वस्तू एकाच शब्दात, पळून जायला जागाच ठेवलेली नाही. डॉक्टर लोक प्रेसबायोपिया म्हणतात, ऐकायला भारदस्त वाटतं, पण मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ बघितला तर सरळ म्हातारा डोळा. त्यामानाने आपली चाळीशी फारच सभ्य म्हणायची.

चष्म्याच्या दुकानात त्या मुलानं ती जड लोखंडी फ्रेम नाकावर बसवली आणि एकेक काच सरकवत विचारायला लागला, आता कसं, आणि आता, हे बरं की आधीचं? चौथ्या काचेला समोरच्या कार्डावरची शेवटची ओळ अशी काही टचकन उठून आली की मी चक्क मोठ्यानं वाचून दाखवली, शाळेत पहिल्यांदा धडा वाचतात तशी. तो म्हणाला, प्लस सव्वा. मी म्हटलं, बस? एवढंच? दोन वर्षं तीन दिवे, फाँट, भांडणं, आणि निघालं काय तर सव्वा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझी उघडली तर त्यातले लाख गायब, नुसती सव्वा.

घरी येऊन मग मी वाचत बसले (चष्म्यानं, अर्थात) की हे होतं कसं. डोळ्यातलं भिंग जन्मभर वाढत असतं म्हणे. कातडीसारखं ते जुन्या पेशी टाकून देत नाही, बाहेरून नवे थर चढत राहतात आणि जुने आत दाबले जातात, त्यामुळे ते हळूहळू कडक होतं आणि जवळचं बघताना जसं फुगायला हवं तसं फुगत नाही. दहा वर्षांच्या मुलाला डोळ्यापासून सात-आठ सेंटिमीटरवरचं नीट दिसतं. तिथून हा बिंदू दर वर्षी थोडा थोडा लांब सरकत असतो. म्हणजे हे काही चाळिशीला झालेलं नाही, मी खेळत होते तेव्हापासून चालूच आहे, फक्त पुस्तक धरायच्या अंतराच्या पलीकडे गेल्यावर मला पत्ता लागला. आणि आणखी एक, चष्मा लावला की नंबर वाढतो म्हणून मी टाळत होते ना, तेही खोटं. नंबर साधारण साठीपर्यंत वाढत जायचाच. लावल्यानं वाढत नाही, न लावल्यानं थांबत नाही.

पण मला खरी गंमत वाटली ती उजेडाची. उजेड कमी आहे हे माझं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. भरपूर उजेडात डोळ्यातली बाहुली आकसते, बारीक भोकातून बघितल्यासारखं होतं, आणि ज्यांना चाळीशी लागलीये त्यांनाही बऱ्यापैकी वाचता येतं. कमी उजेडात बाहुली मोठी होते आणि अक्षर पसरतं. म्हणजे दिवा लावला की खरंच बरं दिसायचं! मग माणूस दिव्यालाच दोष देणार की. नाचता येईना अंगण वाकडं हे आपण हसत हसत म्हणतो, पण त्या नाचणाऱ्याला अंगण खरोखरच वाकडं दिसत असणार, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तो काही लबाड नाहीये. आतून बघितलं की ते तसंच दिसतं. आपल्याबद्दलची अवघड गोष्ट आपल्यापर्यंत येताना कधी "तुझ्यात हे कमी झालंय" अशी येतच नाही, ती येते दुसऱ्या कुणाची तरी तक्रार होऊन.

आता बाबांचं सांगते, म्हणजे कळेल.

बाबांना पाचेक वर्षं नीट ऐकू येत नाहीये. त्यांचं म्हणणं एकच, तुम्ही सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटता. टीव्हीवरचे पुटपुटतात, फोनवरचे पुटपुटतात, नात पुटपुटते. आणि मी पाच वर्षं त्यांना भाषण देतेय, बाबा, मान्य करा ना, किती हट्टीपणा. हे भाषण देताना हातातला कागद मी कुठं धरला होता ते सोडा. वयानं ऐकू कमी यायला लागतं तेव्हा आधी बारीक, तीक्ष्ण आवाज जातात, म्हणजे स, श, फ, ट असली व्यंजनं. स्वर जाड असतात, ते टिकतात. त्यामुळे माणसाला आवाज येतो, शब्द लागत नाहीत, म्हणजे हुबेहूब पुटपुटल्यासारखंच ऐकू येतं! आणि आपण ओरडलो की स्वरच मोठे होतात, व्यंजनं तिथंच राहतात, म्हणून तर ते म्हणतात, ओरडतेस कशाला, नीट बोल. पाच वर्षं ते मला अगदी बरोबर सांगत होते, त्यांना काय ऐकू येतंय ते, आणि मी त्याला हट्ट म्हणत होते.

शेवटी मीच चष्मा लावून त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, बाबा, माझा निघाला, चला आता तुमचा बघू. कानाची तपासणी झाली, त्यांनी तो आलेख हातात घेतला, रेघ डावीकडे, जाड आवाजांपाशी, ठीक चाललेली आणि उजवीकडे, बारीक आवाजांपाशी, घसरगुंडीसारखी खाली गेलेली. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, म्हणजे तुम्ही पुटपुटत नव्हता तर. मी म्हटलं, अधूनमधून पुटपुटतोसुद्धा.

चष्म्याचे तोटेही आहेत, ते कुणी सांगत नाही. पहिल्याच दिवशी बेसिनच्या कडेचा मळ दिसला, आरशात स्वतःची हनुवटी दिसली (हे नसतं दिसलं तरी चाललं असतं), आणि एका मैत्रिणीचं चॅट दिसलं. म्हणजे दिसायचं आधीही. पण त्या दिवशी फाँट परत बारीक केला तेव्हा एका स्क्रीनवर सहा महिने मावले, आणि मावल्यावर कळलं की उजवीकडे सगळे माझेच मेसेज आहेत, वाढदिवस, तब्येत कशी आहे, अगं परवा तुझी आठवण आली, आणि डावीकडे मध्येच कुठंतरी एक अंगठा. ती बिझी आहे असं मी तीन वर्षं सगळ्यांना सांगत आले होते. असेलही. पण तीन वर्षं कुणी बिझी नसतं हो. भांडण नाही, काही नाही, आमची मैत्री आपोआप विझली होती आणि मी एकटीच फुंकर घालत बसले होते. त्या रात्री नाही लिहिलं मी काही. वाईट वाटलं, खूपच वाटलं, पण उत्तर आलंय का म्हणून झोपायच्या आधी शेवटचं एकदा फोन बघायचा, ते एक काम कमी झालं.

दुसऱ्या दिवशी सहज, सहज कसलं, घाबरतच, बाकीची चॅट उघडून बघितली. दोन ठिकाणी डावीकडे लांबलचक मेसेज आणि उजवीकडे अंगठा. माझा. एकीला लगेच फोन लावला. ती म्हणाली, काय गं, कोण आजारी आहे का?

एक मात्र मनात येतं. सत्य स्वीकारलं, सत्य स्वीकारलं म्हणत आपण पुष्कळदा आळसच स्वीकारतो. पोहणं आपल्याला जमणार नाही हे सत्य मी विशीतच मोठ्या समजूतदारपणे स्वीकारलं होतं, पाण्यात न उतरता. तेव्हा जरा शांत, शहाणंही वाटलं होतं. चाळीशीच्या वेळी मात्र अजिबात शहाणं वाटलं नाही, ओशाळल्यासारखंच झालं. आता मला ओशाळायला झालं की मी जरा जास्त विश्वास ठेवते, आणि शांत शहाणं वाटलं की संशय येतो.

अमेरिकन मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिनला लांबचा आणि जवळचा असे दोन चष्मे सारखे बदलायला लागायचे, म्हणून त्यानं दोन्ही काचा अर्ध्या अर्ध्या कापून एकाच फ्रेममध्ये बसवून घेतल्या. 1785 सालचं त्याचं एक पत्र आहे, वय एकोणऐंशी, मुक्काम फ्रान्स. त्यात तो लिहितो की या चष्म्यामुळे टेबलावरचंही दिसतं आणि समोर बोलणाऱ्याचा चेहराही दिसतो, आणि परक्या भाषेत कान कमी पडतात तिथं चेहऱ्याची हालचाल कामाला येते, त्यामुळे चष्म्यानं त्याला फ्रेंच जास्त चांगलं समजायला लागलं. मला हे वाचून इतकं हसू आलं, कारण आमच्या घरी हेच चालतं. बाबांचं कानातलं मशीन बहुतेक वेळ ड्रॉवरमध्ये असतं, त्यात म्हणे कागदाचा चुरचुराट आणि स्वतःच्याच चपला फार ऐकू येतात. काल संध्याकाळी मी त्यांना काहीतरी सांगायला गेले तर हात वर करून म्हणाले, थांब, चष्मा लावू दे, मग बोल.

मग दोघंही चष्मा शोधायला लागलो. माझा माझ्याच डोक्यावर होता.