बरणी की तानपुरा

फोंडा, शनिवार, रात्री साडेदहा

आज पुन्हा तानपुऱ्याच्या मधल्या जोडीच्या तारा उतरल्या. मृगाची हवा, दुसरं काय! खुंट्या पिळल्या, मणी सरकवले, घोडीवरचा दोरा केसभर मागेपुढे केला, तेव्हा कुठे जवारी, म्हणजे तारेची गुंज, खुलली. सासूबाई दारातून डोकावल्या. "मोबायलार वाजता न्ही? मागीर इतले पयशे कित्याक?"

खरंच आहे. मोबाईलवरचा तानपुरा फुकट वाजतो आणि कधी उतरतही नाही. मला भोपळा मांडीशी हवा होता, याला हिशेबाच्या वहीत रकाना नाही. मी गप्प राहिले.

हिशेब मात्र चोख आहे. याआधी दोनदा पोह्यांच्या डब्यात पैसे साठवले होते आणि दोन्ही वेळा ते गणेशचवथीने खाल्ले. एकदा माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सामान आणि पाहुणे, एकदा ऐन चवथीच्या तोंडावर बिघडलेला फ्रीज. घरात पैसा दिसला की घराला गरज सुचतेच. त्यात कोणाची चूकही नसते, हीच पंचाईत. म्हणून गेल्याच्या गेल्या नोव्हेंबरात बँकेत आरडी उघडली. महिना १,५०० रुपये, १८ महिने, पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापले जाणार. मध्येच मोडता येते, पण त्यासाठी बँकेत जाऊन सह्या करायच्या. तेवढा आळस माझ्या कामी आला.

दुकानात हिशेब लिहिणाऱ्या बाईचा पगार तो केवढा! रविवारचा इसवण (सुरमई) बंद केला, बांगडे-तारल्यांवर भागवलं. स्कूटर घरी, मी कदंबाच्या सरकारी बसने. एका लग्नाला जुनीच पैठणी नेसले, कोणाच्या लक्षातही आलं नाही (जरा वाईटच वाटलं). पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, पोयांना मात्र हात लावला नाही. गरम पोय सोडून कोणी गाणं शिकू नये.

थोर गायिका केसरबाई केरकरांचं केरी आमच्याच तालुक्यातलं, म्हणून काही आमच्या गळ्यात सूर आयता पडत नाही. लग्नानंतर सुटलेलं गाणं आता पंचेचाळिशीत धरलंय.

मे महिन्यात व्याजासकट २८,४०० हातात आले. मडगावला गोवा एक्सप्रेस धरली, रात्री मिरज, मुक्काम आतेबहिणीकडे. सकाळी कारागिराने पंढरपूरकडच्या भोपळ्याचा, काळी चार पट्टीचा बायकी तानपुरा पुढ्यात ठेवला. २४,००० रुपये. मासळीवालीशी दहा रुपयांसाठी भांडणारी मी, घासाघीस करायचंच विसरले. उरलेल्यात गवसणी आणि गाडीभाडं. परतीच्या गाडीत बर्थवर तो झोपला, मी बसून आले.

त्याच आठवड्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरलं: सोलां, चिंच, कांद्यांच्या माळा, बरणीभर सुकी सुंगटं (कोळंबी). जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा सुंगटं लागणारच, त्याचा जाब कोणी विचारत नाही. घरात कोरडी खोली एकच, कोठीची. तिथेच तानपुराही उभा आहे.

आज गवसणी काढताना नाकात सुंगटं शिरली. रियाज संपल्यावर सासूबाईंना विचारलं, या खोलीतून काय हलवू, बरणी की तानपुरा?

जपमाळ न थांबवता म्हणाल्या, "बरणी."