सिस्टीममध्ये ब्रेक ओके आहेत!

“सर, ब्रेक ओके आहेत. सिस्टीममध्ये तसंच दाखवतंय,” वर्कशॉपचा सल्लागार म्हणाला. आता सिस्टीम काही घाट उतरत नाही, मी उतरतो. कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाट संपून पोफळी येईपर्यंत ब्रेकचं पेडल मऊ पडायचं, जास्त खाली जायचं आणि पुढच्या चाकांना जळका वास यायचा. जॉब कार्डवर मात्र ब्रेकपुढे बरोबरची खूण.

गाडी डिझेल हॅचबॅक. फियाटचं 1.3 मल्टिजेट इंजिन आपल्याकडे स्विफ्ट, रिट्झ, पुंतो, इंडिका व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत होतं, त्यातलीच एक. 2020 मध्ये बीएस 6 हा धुराचा कडक नियम आला आणि हे इंजिन इथे बंद झालं, म्हणजे हीच गाडी नीट ठेवणं भाग. ओढायला रग्गड, पण नाक जड. ब्रेक दाबला की वजन आणखी पुढे येतं, त्यामुळे मागचे ड्रम नावालाच, खरं काम पुढच्या डिस्क करतात.

मोठ्या डिस्कचा नाद मी लगेच सोडला. मोठं कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) 14 इंची रिममध्ये मावत नाही. मग रिम बदला, मग मास्टर सिलिंडरचं (पेडलच्या जोरावर ब्रेक ऑइल ढकलतो तो) माप बघा, मग पुढच्या-मागच्या ब्रेकचा मेळ घाला. मागे ड्रमच्या जागी डिस्क बसवून देतो म्हणणारेही भेटले. मागच्या ड्रमवर चालणाऱ्या हँडब्रेकचं काय करणार विचारलं की विषय बदलायचे. म्हणून मूळ मापाच्याच नव्या डिस्क, वरच्या दर्जाचे पॅड, ब्रेक ऑइलचे नवे होज पाइप आणि डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल. पुण्यात नाना पेठेत सगळं मिळालं. जाताना आरसी बुकाचा फोटो जवळ ठेवा, नुसत्या मॉडेलच्या नावावर सामान घेऊ नका.

सामान डिकीत घेऊन नेहमीच्या वर्कशॉपला गेलो आणि तिथे गाडं अडलं. नाव घेत नाही. “बाहेरचं सामान आम्ही बसवत नाही.” ठीक, नियम असेल. मग तुमच्याकडच्या डिस्क द्या. “स्टॉकला नाहीत, मागवाव्या लागतील.” मागवा. “मागवायच्या तर जॉब कार्डवर ब्रेक खराब अशी नोंद लागते.” करा नोंद. “नोंद कशी करणार सर, ब्रेक ओके आहेत ना!”

हे संभाषण वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या सल्लागारांशी झालं. प्रत्येकाच्या हातात टॅब, आणि गाडीपेक्षा त्या टॅबवर विश्वास जास्त. निदान ब्रेक ऑइल तरी बदला म्हटलं, तर शेड्यूलमध्ये अजून आलेलं नाही! ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, हे किलोमीटर बघून थांबत नाही. डॉट 3 चा उकळण्याचा किमान बिंदू कोरं असताना 205 अंश, ओल धरल्यावर 140. डॉट 4 चा 230 आणि 155. घाटात उतारावर ते उकळलं की लाइनमध्ये बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं लागतं. माझ्या गाडीच्या ब्रेक ऑइलच्या डब्यातलं ऑइल पार चहाच्या रंगाचं झालं होतं. झाकण उघडून दाखवलं. “चालेल सर.”

शेवटी आवाज चढवला, तेव्हा सुपरवायझर आला आणि चाक काढलं. डिस्कच्या कडेला तिची किमान जाडी कोरलेली असते, तुम्हीही बघून ठेवा. मायक्रोमीटर लावला, माप त्याच्याही खाली. मला वाटलं, सुटलो. तर साहेब म्हणतात, “लेथवर घासून देतो, एकदम प्लेन होईल.” झिजून पातळ झालेली डिस्क आणखी घासणार! गाडी तशीच बाहेर काढली.

ओगलेवाडीकडच्या एका फिटरमामांनी दुपारभरात सगळं बसवलं. त्यांनी पहिल्यांदा कॅलिपर ज्यांवर सरकतं त्या पिना ओढून बघितल्या. एक जाम होती, म्हणून आतला पॅड पार संपलेला आणि बाहेरचा निम्मा शिल्लक. “हे कोणी बघितलं नाही काय?” म्हणाले. मी काय बोलणार! पिना साफ करून खास ग्रीस लावलं, मागच्या ड्रममधले लायनर ॲडजस्ट केले, चारी चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढली.

नवे पॅड लगेच पकडत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून दहापर्यंत आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, थोडं पळवून गार करायचं, पुन्हा तेच. टायरचं सांगायचं राहिलं: ते गुळगुळीत असतील तर आधी तेच बदला, कारण शेवटी गाडी रस्त्यावर धरतो तो टायर. मी बाहेरचा व्यास जवळपास तोच ठेवून एक पायरी रुंद घेतले.

आता कुंभार्लीत पेडल खालपर्यंत तसंच टणक राहतं. अर्थात उतारावर दुसरा-तिसरा गिअर हवाच. आणि डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणारे अजून आहेत, त्यांच्यासाठी: डिझेल गाडीत बूस्टरला (पायाचा जोर वाढवून ब्रेक हलका करतो तो) लागणारा व्हॅक्यूम इंजिनवर चालणारा पंप देतो. इंजिन बंद केलंत तर दोन-तीन दाबांत तो संपतो आणि पेडल दगड होतं. बूस्टर तपासायचा तर इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, पाय तसाच ठेवून स्टार्टर मारा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं, तर पॅड-डिस्कवर पैसे घालण्याआधी तो पंप आणि त्याचा पाइप बघून घ्या.