सोसायटीतली वाट: ब्लॉक, काँक्रीट की डांबर?

आमची सोसायटी वडोदऱ्यात विश्वामित्री नदीच्या जवळ. ऑगस्ट २०२४च्या पुरात आतली वाट पार उखडली. म्हाताऱ्यांना फिरायला आणि पोरांना सायकल चालवायला तीच एक जागा. फंडात पैसे बेताचे, आणि कोटेशनं मागवायचं काम माझ्याकडे आलं.

सगळे दर सांगतात तो वरच्या थराचा, पण खरा पैसा खाली जातो. इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ती उकरून मुरूम नीट दाबला नाही, तर वर काहीही घाला, वाट वरखाली होणारच. म्हणून खोदाई, मुरूम, खडी, रोलर आणि कर्ब (वाटेच्या कडेला आधार देणारे काँक्रीटचे ठोकळे) यांचे दर मी वेगवेगळे लिहून मागितले. सगळ्यात स्वस्त कोटेशनमध्ये मुरूमच नव्हता. "बेन, चालवानुं ज छे ने!" हे त्याचं उत्तर. चालायचंच आहे, पण वॉकर घेऊन चालणाऱ्या आजींना अर्ध्या इंचाचा उंचवटाही पाडू शकतो.

डांबर सायकलला उत्तम. पण एवढ्याशा कामासाठी डांबराचा गरम माल आणणं परवडेना, शिवाय साचलेलं पाणी हा डांबराचा वैरी. काँक्रीट सपाट आणि टिकाऊ, फक्त ड्रेनेजची लाइन दुरुस्त करायची झाली की फोडावं लागतं. सिमेंटचे पेव्हर ब्लॉक उचलून परत बसवता येतात, मात्र कडा उतरत्या असल्या तर सायकलचं चाक प्रत्येक सांध्यावर धडधडतं. लाइन वाटेच्या एका बाजूनेच जाते, तेव्हा त्या बाजूला चालण्यासाठी ब्लॉक आणि दुसरीकडे सायकलसाठी काँक्रीटचा पट्टा, असं मी कमिटीपुढे मांडलं. चर्चा लांबली, पण मंजूर झालं.

ब्लॉक ६० मिमी जाडीचे, एम-३५ या मजबुतीच्या ग्रेडचे घेतले. आयएस १५६५८ या पेव्हर ब्लॉकच्या भारतीय मानकाप्रमाणे ब्लॉकने सरासरी ६ टक्क्यांहून जास्त पाणी शोषता कामा नये. प्रत्येक कारखान्याचा एकेक नमुना उन्हात वाळवला, किचनच्या काट्यावर तोलला, दिवसभर बादलीत बुडवला, पुसून पुन्हा तोलला. पावणेतीन किलोच्या ब्लॉकचं वजन साधारण १६५ ग्रॅमपेक्षा जास्त वाढलं तर तो बाद. उन्हात वाळवलेल्या ब्लॉकमध्ये थोडी ओल उरतेच, त्यामुळे अशा तपासणीत जो नापास होतो तो प्रयोगशाळेत पास होणं अवघडच. एका नमुन्याच्या कडेची तर नखानेच भुकटी निघाली. दिसायला तोच सगळ्यात चकचकीत होता!

काम चालू असताना मी रोज सकाळी टेप घेऊन जायचे. ब्लॉकखाली रेतीचा थर २० ते ४० मिमी हवा. कारागीर खड्डे मुरुमाने भरायचे सोडून रेतीनेच भरून काढतात, आणि पुढे वाट बसते ती तिथेच. सहा फूट रुंदीला दीड इंच उतार आहे का, तेही पाण्याची बादली ओतून बघितलं. कर्ब आधी, ब्लॉक नंतर; कडेला आधार नसला की रांगा सरकतात. शेवटी सांध्यांत कोरडी बारीक रेती झाडूने भरून घेतली, आणि काही आठवड्यांनी परत एकदा.

बिलातली थोडी रक्कम पहिल्या पावसाळ्यानंतर द्यायची, हे आधीच कागदावर घेतलं होतं. पावसाळ्यात गेटजवळचा एक कोपरा खचला. फोन केल्यावर माणसं आली, ब्लॉक उचलले, खाली मुरूम दाबला आणि तेच ब्लॉक परत बसवून गेली. उरलेले पैसे आम्ही नवरात्रात दिले.